उत्तर ९८० नाही आलं

"मॅडम, ९८० येत नाहीये."

गेल्या पावसाळ्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी रफ वही घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. साध्या लंबकाचा प्रयोग. गुरुत्व त्वरण काढायचं, आम्ही सगळे ज्याला नुसतं 'जी' म्हणतो ते. पुस्तकात तो ९८० दिलेला असतो, सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग या एककात. लांबी १००.० सेंटिमीटर, ५० दोलनांना १००.५७ सेकंद, आणि उत्तर ९७५.८. तिच्या मागे तिची पार्टनर उभी होती, हातात मागच्या वर्षीचं कुणाचं तरी सर्टिफाय झालेलं जर्नल. त्यात ९८०.२ होतं. पार्टनर हळूच म्हणाली, "थोडं ॲडजस्ट कर ना."

तिला मी रागावले नाही. हेच वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे, तीस वर्षांपूर्वी, अशाच एका प्रयोगशाळेत.

तेव्हा आमच्याकडे चावीचं स्टॉपवॉच होतं, लघुतम माप ०.१ सेकंद. शंभर सेंटिमीटरचा लंबक, वीस दोलनं. आमची वेळ आली ४०.३ सेकंद आणि जी आला ९७२. पुस्तकात ९८०. प्रॅक्टिकल संपायला वीस मिनिटं उरलेली, पुन्हा रीडिंग घ्यायचा कंटाळा, आणि आठ कमी म्हणजे मार्क जाणार ही भीती. मग आम्ही उलटं गणित केलं. ९८० यायला वीस दोलनांना किती वेळ लागायला हवा? ४०.१४ सेकंद. ते आम्ही तक्त्यात लिहिलं, फेअर जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवलं, खाली 'निष्कर्ष : जी = ९८०' लिहून चौकट काढली. लाल शाईत बरोबरची खूण आणि सही मिळाली.

त्या तक्त्यात एक गोष्ट उघड दिसत होती आणि ती कुणालाच दिसली नाही. आमचं घड्याळ ४०.१ दाखवू शकत होतं, ४०.२ दाखवू शकत होतं. ४०.१४ दाखवूच शकत नव्हतं. ४०.१ धरलं तर जी ९८२ येतो, ४०.२ धरलं तर ९७७, ४०.३ ला ९७२. आकडे असे पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतात. त्या घड्याळाने, त्या लांबीला, वीस दोलनांच्या एका रीडिंगमधून ९८० मिळायची सोयच नव्हती. बरोबर उत्तर हाच आमच्या खोटेपणाचा पुरावा होता. हे मला कळलं ते शिकवायला लागल्यावर, दुसऱ्यांची जर्नलं तपासताना. तेव्हापासून तक्त्यात घड्याळाच्या ऐपतीपेक्षा एक अंक जास्त दिसला की पोटात कालवतं.

पण खरी गंमत अजून पुढे आहे. आमचं कॉलेज कोल्हापुरात, आणि कोल्हापुरात जी ९८० नाहीच.

पृथ्वी विषुववृत्तावर थोडी फुगलेली आहे आणि स्वतःभोवती फिरते आहे, त्यामुळे विषुववृत्तावर जी सुमारे ९७८.० असतो आणि ध्रुवांवर ९८३.२. वर जावं तसा आणखी कमी होतो. कोल्हापूर साधारण १६.७ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं जास्त उंच. दोन्ही हिशेबात धरले तर जी ९७८.३ च्या आसपास येतो. पुण्यात ९७८.४. एकदा मी सगळ्या देशाचा हिशेब करून बघितला. समुद्रसपाटीला ९८० गाठायचं तर ३८ अंश अक्षांशापर्यंत वर जायला हवं, आणि आपला देश तिथपर्यंत पोचतच नाही. शिवाय उत्तरेचं आपलं टोक डोंगरांत आहे, म्हणजे तिथे उंचीमुळे आणखी घट. कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत कुठेही, कितीही नीट मोजलं तरी जी ९८० भरणार नाही. पुस्तकातला ९.८ हा दोन अंकी आकडा बरोबरच आहे, ९.७८ ची ती गोळाबेरीज. आपण सेंटिमीटरमध्ये जाताना त्याच्यापुढे एक शून्य चिकटवतो आणि ते शून्य मोजलेलं आहे असं धरून चालतो. पिढ्यान् पिढ्या मुलं आपापल्या गावातला खरा आकडा खोडून त्या शून्याशी जुळवून घेतायत.

या गोष्टीचा विचार करताना मला नेहमी झां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आठवतो. १६७२ साली फ्रेंच विज्ञान अकादमीने त्याला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, कायेनला पाठवलं होतं. मुख्य काम मंगळाचं निरीक्षण. सोबत लंबकाचं घड्याळ होतं, पॅरिसमध्ये बरोबर लावलेलं. कायेनला ते दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. सेकंदाचा ठोका बरोबर पडावा म्हणून त्याला लंबक जवळपास २.८ मिलिमीटरने आखूड करावा लागला. विचार करा, हा माणूस घरापासून हजारो मैलांवर आहे, विचारायला कुणी नाही, आणि त्याच्याकडचा आकडा पॅरिसच्या आकड्याशी जुळत नाहीये. पॅरिसचा आकडा युरोपातल्या भल्याभल्यांनी ठरवलेला. त्याने काय केलं, तर दहा महिने दर आठवड्याला तेच मोजमाप पुन्हा पुन्हा केलं आणि जे आलं ते लिहिलं. परत आल्यावर त्याच्यावर शंका घेणारेही होते. उष्ण हवेत धातू लांबला असेल, निरीक्षणातच काही चुकलं असेल, असं बोललं गेलं. पण आकडा कागदावर होता. १६८७ मध्ये न्यूटनने पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे असं मांडलं, तेव्हा रिशेचा हा आखूड लंबक त्याच्या हाताशी होता.

कायेन विषुववृत्ताजवळ, पाच अंशांवर. तिथला जी ९७८ च्या आसपास, पॅरिसपेक्षा कमी. जी कमी असला की लंबक सावकाश हलतो, म्हणून घड्याळ मागे पडलं. म्हणजे जवळजवळ आमच्या कोल्हापूरचाच. रिशेने जो फरक जपून ठेवला, तोच आम्ही रबराने पुसत आलो.

म्हणून प्रयोगाचा अहवाल लिहिणं ही मला कारकुनी वाटत नाही. आमच्याकडे त्याला जर्नल म्हणतात आणि 'जर्नल पूर्ण करणं' हा परीक्षेआधीच्या आठवड्यातला उपद्व्याप असतो. तीन रात्री जागून, चौघांत एक जर्नल फिरवून. शाळेत साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असा जो साचा हातात बसलेला असतो, तोच कॉलेजात थोडा फुगतो. साच्याशी माझं भांडण नाही. पण त्यातल्या 'कृती'पाशी मी दरवर्षी अडते.

मुलं लिहितात : 'लंबक टांगा. लांबी मोजा. वीस दोलनांचा वेळ घ्या.' हे मॅन्युअलमधून उचललेलं. हा आज्ञार्थ आहे, पाककृतीतला. पोहे भिजवा, फोडणी करा. ज्याला अजून काही करायचंय त्याला सांगण्याची ही भाषा. अहवाल लिहिणाऱ्याचं करून झालेलं असतं. त्याने सांगायचं ते भूतकाळात : लंबक टांगला, लांबी मोजली, वेळ घेतला. क्रियापदाचं रूप बदललं की माणूस एकदम साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो. 'मोजा' लिहिताना खोटं बोलताच येत नाही, कारण खरंही काही सांगितलेलं नसतं. 'मोजली' म्हटलं की प्रश्न उभे राहतात. कुठून कुठपर्यंत मोजली? कशाने? किती वेळा? आणि बघा, मराठीत हे किती सोपं आहे. इंग्रजीत 'मी' टाळायचा म्हणून कर्मणी प्रयोगाची केवढी कसरत करावी लागते. आपल्याकडे 'लांबी मोजली' एवढं म्हटलं की करणारा आपोआप मागे राहतो आणि केलेलं काम पुढे येतं. आमची जर्नलं इंग्रजीत असतात, नियम आहे तसा. पण रफ वही मराठीत लिहिलीत तरी चालेल, असं मी सांगते. अनेकांची कृती त्या वहीत पहिल्यांदा खरी होते.

रफ वही पेनाने लिहायची, हा माझा दुसरा हट्ट. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला लिहायचं, का खोडला. पेन्सिल आणि रबर असलं की हात आपोआप ९८० कडे वळतो.

आता त्या मुलीकडे येते. ९७५.८ बघून मी तिला एवढंच विचारलं, "दोलनं मोजताना सुरुवात शून्यापासून केलीस की एकपासून?" कारण हे पहिलं विचारायचं असतं. घड्याळ दाबताना तोंडाने 'एक' म्हटलं तर पन्नासऐवजी एकोणपन्नासच दोलनं मोजली जातात आणि जी येतो १०१९ च्या आसपास. वीस मोजायची असतील तर १०८० च्याही पुढे. असा आकडा घेऊन कुणी आलं की मी टेबलावरूनच सांगते, तू एकपासून मोजलंस. मुलांना ती जादू वाटते. प्रत्येक चुकीची स्वतःची एक खूण असते, तेवढंच. गोळा दहा अंशांपर्यंत ओढून सोडला तर दोलनकाळ, म्हणजे एका दोलनाचा वेळ, जवळपास ०.२ टक्क्याने वाढतो आणि जी साडेतीन-पावणेचारने खाली येतो, म्हणून चार-पाच अंशांच्या आत ठेवायला सांगतात. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते; ती हुकापर्यंतच धरली आणि गोळ्याची त्रिज्या विसरली, तर ते आलेखात पकडलं जातं. लांबी आणि दोलनकाळाचा वर्ग यांची रेघ सरळच येते, तिचा चढही बरोबर असतो, पण ती आरंभबिंदूतून जात नाही. जितकी लांबी विसरलात, बरोबर तितकी ती बाजूला सरकते. मला हा आलेख फार आवडतो. माणूस विसरला, पण रेघेने लक्षात ठेवलं. आणि याच रेघेला आरंभबिंदूतून जबरदस्तीने ओढणारी मुलंही दरवर्षी असतात, कारण पुस्तकातली तिथून जाते.

तिने शून्यापासूनच मोजलं होतं. कोन चार अंशांच्या आत होता. गोळ्याची त्रिज्या व्हर्नियर कॅलिपरने मोजून लांबीत मिळवलेली होती. मी म्हटलं, "मग मला नाही माहीत गं. तूच शोध."

ती गेली. पाऊण तासाने परत आली तेव्हा पट्टी हातातच होती. "मॅडम, दोरा लांबलाय."

सकाळी तिने रिळातून नवा दोरा काढला होता, बांधला होता, लगेच लांबी मोजली होती, १००.० सेंटिमीटर. मग तासभर तो पितळी गोळा त्याला लटकत होता. आता मोजली तर १००.३. तीन मिलिमीटर. नवा सुती दोरा वजनाने ताणत जातो, आणि त्याची गाठ सुद्धा हळूहळू आवळत बसते. रीडिंग घेताना लंबक १००.३ चा होता आणि हिशेबात १००.० चा. लांबी नवी धरून तिने गणित पुन्हा केलं तर आकडा आला ९७८.७.

मी वीस वर्षं हा प्रयोग घेतेय. दोऱ्याची लांबी प्रयोगाआधी मोजा असं मीच छापील पानावर लिहून दिलेलं होतं. प्रयोगानंतरही मोजा, हे मला सुचलेलं नव्हतं. त्या दिवशी ते पान मी बदललं.

मग आम्ही तिघी बसलो, ती, तिची पार्टनर आणि मी, आणि या ९७८.७ चं काय करायचं ते बघितलं. कॅल्क्युलेटरवर तर ९७८.७ च्या पुढे आणखी सहा अंक चमकत होते. मुलांना ते सगळे उतरवावेसे वाटतात, जास्त अंक म्हणजे जास्त अचूक असं वाटतं. मी विचारलं, लांबी किती बिनचूक सांगू शकतेस? एक मिलिमीटर इकडे-तिकडे. म्हणजे हजारात एक, म्हणजे जी मध्ये साधारण एकचा फरक. वेळ? घड्याळ शंभरावा भाग दाखवतं, पण बटण दाबणारं बोट त्याच्याइतकं चपळ नाही. पाच वेळा घेतलेल्या वेळा बघितल्या तर त्या एकमेकींपासून दशांश सेकंदाने मागे-पुढे होत्या. शंभर सेकंदांत ०.१, आणि सूत्रात वेळेचा वर्ग आहे म्हणून ते दुप्पट, म्हणजे जी मध्ये दोनचा फरक. दोन्ही मिळून अधिक-उणे दोन. मग दशांशानंतरचा सात कशाला? लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर सोनं तोलून गुंजा मोजण्यासारखंच ते. तिने लिहिलं : ९७९ ± २.

माझ्या लेखी सगळ्या अहवालात ती 'अधिक-उणे'ची खूण सर्वांत मोलाची. आमच्या तीस वर्षांपूर्वीच्या '९८०' ला ती नव्हती. ती असती तर आम्हाला उलटं गणित करायची गरजच पडली नसती. आमचं ९७२ होतं, आणि बटण दाबण्यातली दीड-दोन दशांशांची चूक धरली तर अधिक-उणे आठ-दहा सहज. त्यात ९८० बसत होतं, ९७८.३ पण बसत होतं. आम्ही काही चुकलेलोच नव्हतो. वीस दोलनांच्या प्रयोगात जेवढं दिसतं तेवढंच आम्हाला दिसलं होतं. ते तसंच लिहिण्याची रीत कुणी हातात दिली नव्हती, म्हणून आम्ही खोटं लिहिलं. हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

'दक्षता' या भागाबद्दल थोडंसं. तिथे सगळ्या जर्नलांत एकच ओळ असते : पंखा बंद ठेवावा. आणि चुकांच्या खाली 'मानवी चूक'. या दोन शब्दांइतकं निरुपयोगी काही नसेल. कुठल्या माणसाची, कुठली चूक, किती मोठी, आणि तिने आकडा वर गेला की खाली? हे लिहिता येत नसेल तर ती ओळच नको. या मुलीने लिहिलं होतं : 'खिडकीजवळचा पंखा बंद होत नव्हता, म्हणून स्टँड दाराजवळच्या टेबलावर नेला.' वाचताना मला ती दोघींनी मिळून जड स्टँड उचलून नेलेली दिसली. प्रयोग झाला होता याची मला खात्री पटली.

पुढच्या आठवड्यात तिचं फेअर जर्नल आलं. तक्त्यात दोन लांब्या होत्या, आधीची आणि नंतरची. ९७५.८ काढून टाकलेलं नव्हतं. ते होतं, त्याच्याखाली कारण होतं, मग नवं गणन. निष्कर्षात तिने लिहिलं होतं की जी ९७९ ± २ मिळाला, कोल्हापूरसाठी हिशेबाने येणारं ९७८.३ हे त्यात बसतं, पण ९८० सुद्धा त्यात बसतं, त्यामुळे या दोहोंतलं कुठलं खरं हे आपला प्रयोग सांगू शकत नाही. ते सांगायला काय लागेल तेही लिहिलं होतं : दोनशे दोलनं, आणि आधीच ताणून घेतलेला दोरा.

मी ते पान दोनदा वाचलं. सवयीने लाल पेन उघडलं होतं, ते तसंच हातात राहिलं. सही केली आणि तारीख घातली.

त्या संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी प्रयोगशाळेतले मामा मला बोलवायला आले. दाराजवळच्या टेबलावर स्टँडला दोरा बांधलेला, खाली पितळी गोळा लटकत होता, आणि स्टँडला चिकटवलेल्या कागदावर निळ्या पेनाने लिहिलं होतं : 'कृपया काढू नये. उद्या मोजायचं आहे.'

"राहू दे का हे असंच?" मामांनी विचारलं.

"राहू द्या," मी म्हटलं, आणि आम्ही पंखा बंद झालाय ना ते बघून दिवे मालवले.